बुडालेल्या रोजीचा चषक

७ मे १९८३. लंडनचं वेम्बली मैदान, जवळपास ८५ हजार प्रेक्षक आणि रग्बी लीगच्या चॅलेंज कपचा अंतिम सामना. एका बाजूला हल, त्या वर्षीचा लीग विजेता. दुसऱ्या बाजूला यॉर्कशायरच्या कोळसापट्ट्यातल्या फेदरस्टोनचा संघ, फेदरस्टोन रोव्हर्स. वस्तीच्या मानाने फेदरस्टोन आपल्या तुमसरहूनही लहान. लीगमध्ये त्या हंगामात रोव्हर्सचे हाल होते. पहिल्या विभागातून खाली घसरता घसरता ते वाचले. पण चॅलेंज कप बाद पद्धतीचा. तिथे मागच्या महिन्यात कोण किती हरलं, हे कोणी विचारत नाही. सेंट हेलेन्सला त्यांच्याच मैदानावर आणि उपांत्य फेरीत ब्रॅडफर्ड नॉर्दर्नला हरवून खाणकामगारांचं हे गाव वेम्बलीला पोचलं.

नाकाडोंगरीच्या कबड्डीप्रेमींना हा खेळ समजायला वेळ लागणार नाही. दोन्हीकडे १३-१३ खेळाडू, लंबगोल चेंडू, हाताने पास द्यायचा तो मागेच, आणि चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरचे दोघं-तिघं कवेत घेऊन खाली पाडणार. ही पकडच. सहा पकडींपर्यंत चेंडू आपला. सहावी झाली की तो समोरच्याच्या ताब्यात. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसरी ‘करो या मरो’ची येते आणि मैदानाभोवतीचा गलका एकदम थांबतो. रग्बी लीगमध्ये शेवटच्या पकडीच्या वेळी तीच अवस्था.

त्या दिवशी डेव्हिड हॉब्सने पहिल्या सत्रात ट्राय केला, म्हणजे समोरच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवला. तेव्हा ट्रायला तीनच गुण होते. चार झाले ते पुढच्या हंगामापासून. किकचे गुण धरून मध्यंतराला रोव्हर्स ५-० पुढे. मग हलने जोर धरला आणि आकडा १२-५ वर नेला. इथे सामना संपल्यातच जमा होता. पण हॉब्सनेच दुसरा ट्राय केला आणि किकचे गुण धरून बरोबरी झाली, १२-१२. शेवटच्या काही मिनिटांत रोव्हर्सला पेनल्टी मिळाली. स्टीव्ह क्विनने चेंडू ठेवला, मागे सरला आणि दोन खांबांच्या मधून मारला. १४-१२. लान्स टॉड ट्रॉफी, म्हणजे सामनावीराचा मान, हॉब्सला मिळाला आणि चषक कर्णधार टेरी हडसनच्या हाती आला. १९६७ आणि १९७३ नंतरचा हा रोव्हर्सचा तिसरा चषक. या संघात पूर्णवेळ पगारी खेळाडू नव्हते. त्या काळी इंग्लंडमधले बहुतेक रग्बी लीग खेळाडू आठवडाभर आपापली नोकरी करून खेळत.

या चषकाच्या मुळाशी बुडालेली रोजी आहे.

१८९३ च्या उन्हाळ्यात कोळशाचे भाव पडले. मालकांनी मजुरीत २५ टक्के कपात मागितली, कामगारांनी ती नाकारली आणि खाणींना टाळं लागलं. ७ सप्टेंबरला फेदरस्टोनच्या ॲक्टन हॉल खाणीवर जमलेल्या जमावावर सैनिकांनी गोळीबार केला. दोन तरुण गेले. त्यानंतर १३ दिवसांनी लंडनमध्ये रग्बी युनियन या खेळाच्या नियामक संस्थेची सभा भरली. तिच्यापुढे यॉर्कशायरच्या प्रतिनिधींचा एक साधा ठराव होता. शनिवारी खाणी आणि गिरण्या अर्धा दिवस चालत. सामना परगावी असला की खेळाडूची पाळी बुडे आणि तेवढी मजुरी कापली जाई. ती क्लबने भरून द्यावी, एवढंच मागणं होतं. १३६ मतं बाजूने, २८२ विरोधात. खेळ हौसेचा आहे, त्यात पैसा नको, असं म्हणणाऱ्या बहुतेकांची शनिवारची मजुरी कधीच कापली जात नव्हती.

दोन वर्षं धुसफूस चालली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. अशा २२ क्लबांची मिळून नॉर्दर्न युनियन झाली आणि बुडालेल्या दिवसासाठी खेळाडूला सहा शिलिंगपर्यंत देण्याचं ठरलं. चैन करण्याएवढी ही रक्कम नव्हती, ती बुडालेली मजुरी भरून काढण्यासाठी होती. हाच खेळ पुढे रग्बी लीग झाला.

चॅलेंज कपचा पहिला हंगाम १८९६-९७ चा. एप्रिल १८९७ मध्ये लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावर बॅटलीने सेंट हेलेन्सला १०-३ असं हरवलं. बॅटली जुन्या लोकरीच्या चिंध्यांपासून कापड विणणाऱ्या गिरण्यांचं गाव. सेंट हेलेन्सचे खेळाडू त्या दिवशी वेगवेगळ्या जर्सी घालून उतरले होते, असं सांगतात. गावोगावच्या कबड्डीत असे संघ आजही दिसतात. एकाच्या अंगात शाळेची बनियन, दुसऱ्याच्या अंगात मागच्या वर्षीच्या मंडळाची, आणि पाठीवरचा नंबर चिकटपट्टीने लावलेला.

नेमक्या १८९६ मध्येच आपल्या भागातल्या मँगनीजसाठी सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही इंग्रजी कंपनी उभी राहिली. पुढे तिची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली आणि १९६२ मध्ये तिच्यातून आजची मॉयल निघाली. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण आणि चिखल्याची भूमिगत खाण, दोन्ही मॉयलच्या. डोंगरीचं खनिज बॅटरीच्या सेलसाठी ओळखलं जातं. म्हणजे नाकाडोंगरीचा परिसर आणि फेदरस्टोन या दोन्ही ठिकाणी जमिनीखालून निघणाऱ्या मालावर घरं चालली, पाळीचा भोंगा दोन्हीकडे होता. फेदरस्टोनचा भोंगा थांबला. १९८४-८५ च्या मोठ्या संपानंतर लगेच, १९८५ मध्ये, ॲक्टन हॉल खाण बंद झाली. दहा वर्षांनी शेजारच्या कॅसलफर्ड आणि वेकफील्डच्या क्लबांबरोबर रोव्हर्सचं विलीनीकरण करून एकच संघ करायचा बेत निघाला. खाण वाचली नव्हती, पण आपला संघ लोकांनी जाऊ दिला नाही. रस्त्यावर उतरून त्यांनी तो बेत हाणून पाडला.

कबड्डी विदर्भाच्या रक्तातली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तिचं प्रात्यक्षिक केलं होतं. आणि भंडारा-गोंदियात तिचा हंगाम धानाच्या हंगामाला बांधलेला. दिवाळीनंतर मंडई भरते, दंडार होते, रात्री नाटक उभं राहतं, पाहुणे येतात. बांध्यांमधलं धान निघालं की मोकळ्या जागेवर चुन्याच्या रेषा पडतात, बांबूला लाइट लागतात आणि पंचक्रोशीतले चमू येतात. वर्गणीतून बक्षीस, संघांकडून प्रवेश फी आणि बाद फेरी.

बाद पद्धतीचा मोठा गुण म्हणजे तिथे लहान गावाला संधी असते. साखळीत शेवटी तोच पुढे जातो ज्याच्याकडे राखीव खेळाडू जास्त आणि खर्चाची ताकद जास्त. बाद फेरीत एका रात्री दोन चांगल्या पकडी लागल्या की मोठा संघ घरी. फेदरस्टोनला लीगने जे दिलं नाही, ते चषकाने दिलं.

पण याच पद्धतीचा तोटाही समजून घ्यायला हवा. ३२ संघ आले तर सामने ३१ होतात आणि त्यातले १६ संघ एकच सामना खेळून परततात. त्यांची जीप तेवढीच लागलेली, प्रवेश फी तेवढीच गेलेली. रात्री दोन वाजता हरून गावी पोचलेला मुलगा सकाळी पहिल्या पाळीला किंवा धान चुरायला जाऊ शकत नाही. गेला नाही तर रोजी बुडते. गेला तर सुजलेला घोटा घेऊन. पहिलं बक्षीस डोळ्यांत भरावं म्हणून त्याचा आकडा फुगवला जातो आणि या १६ संघांचा भार खेळाडूंच्या खिशावर पडतो. हे बरोबर नाही. हौस म्हणून खेळतात, हे उत्तर १८९३ मध्येही दिलं गेलं होतं आणि तेव्हाही ते अपुरंच होतं.

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न मंडळं विचारतील आणि तो खरा आहे. वर्गणी गावाचीच असते, तीही हात आखडून मिळते. तरी पहिल्या बक्षिसाचा काही भाग काढून ठेवता येतो आणि पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघाला प्रवेश फी परत देता येते. जीपचं भाडं आणि मैदानावर उतरलेल्या सात जणांची एका दिवसाची रोजी, एवढं जरी हाती पडलं तरी पुढच्या वर्षी तो संघ पुन्हा येईल. नाकाडोंगरी, गोबरवाही, चिखला, डोंगरी बुजुर्ग इथल्या मंडळांनी यंदाची बैठक घेताना बक्षिसाची रक्कम ठरवण्याआधी हा खर्च मांडावा, आणि वर्गणी देणाऱ्यांनी तो मांडला की नाही, हे विचारूनच पावती फाडावी.