खिळे जुळवणाऱ्या बायका

बँकेतल्या नोकरीची काही वर्षे माझी शिरूर आणि दौंड तालुक्यांत गेली. १९८० नंतरची गोष्ट आहे. दौंडकडच्या आमच्या शाखेत एक वयस्कर बाई खाते उघडायला आल्या. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. मी सवयीने अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे सरकवला. त्यांनी तो तितक्याच शांतपणे माझ्याकडे परत सरकवला आणि म्हणाल्या, "साहेब, पेन द्या."

सही इतकी वळणदार की मी ओशाळलो. विचारले, "बाई, कुठे शिकलात?"

"केडगावला, मुक्तीत. माझी आईही तिथलीच. छापखान्यात खिळे जुळवायची. बायबलाचे."

त्या वेळी मला या वाक्याचे वजन कळले नाही. आमच्या घरात पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की एकच वाक्य यायचे, "ती ख्रिस्ती झाली." पुढे बोलायचे काही उरतच नसे. फक्त माझी विधवा आजी एकदा स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "पण तिनं मुलींना शिकवलं हो!"

रमाबाईंच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगरे यांनी, लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले. आणि त्या आईने ते लेकीला दिले. हीच लेक १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांकडून 'सरस्वती' ही पदवी घेऊन बाहेर पडली. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे तिने बाप्तिस्मा घेतला. आपल्याकडचा वाद या वर्षापाशी येऊन थांबतो. मला वाटते, खरी गोष्ट तिथूनच सुरू होते.

रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकत आणि शिकवीत असताना प्रश्न निघाला, की त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे का? हिंदुस्थानातल्या इंग्रज बिशपांनी नकार दिला. बाईने पुरुषांना शिकवणे शोभत नाही, असा त्याचा मथितार्थ. रमाबाईंनी पत्रांतून तो मुद्दा खोडून काढला. एका पुरोहितवर्गाचे जोखड कष्टाने उतरवले ते दुसऱ्याचे मानेवर घेण्यासाठी नव्हे, असेही त्यांनी स्पष्ट कळवले. म्हणजे पुण्याला त्या फार ख्रिस्ती वाटल्या आणि चर्चला पुरेशा आज्ञाधारक वाटल्या नाहीत.

गंमत अशी, की ज्या ग्रंथाच्या आधारे स्त्रीला गप्प बसवले जाई, त्याच ग्रंथात बोलणाऱ्या स्त्रिया आहेत. येशूच्या पुनरुत्थानाची वार्ता शिष्यांना प्रथम बायकांनीच सांगितली. त्यांना ती बाष्कळ बडबड वाटली, असे लूकच लिहितो. जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी लुदिया आहे, पतीबरोबर धर्मोपदेश करणारी प्रिस्किल्ला आहे. किंख्रियाच्या मंडळीतल्या फिबीला पौल जो ग्रीक शब्द लावतो, तोच तो स्वतःलाही लावतो. पण इंग्रजीतल्या प्रसिद्ध जुन्या भाषांतरात पौल झाला धर्मसेवेचा अधिकारी आणि फिबी झाली नुसती सेविका! युनिया नावाच्या बाईला तर काही भाषांतरकारांनी चक्क पुरुष करून टाकले. मंडळीत स्त्रियांनी गप्प राहावे, हे पौलाच्या नावावरचे वाक्य मात्र सर्वांना पाठ.

तेव्हा भाषांतर कोण करतो, हा साधा प्रश्न नाही. आता केडगावचा छापखाना आठवा.

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून रमाबाईंनी शेकडो मुली, विधवा आणल्या. 'मुक्ती'त एके काळी सुमारे दोन हजार बायका-मुले होती. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभते; अंधांसाठी ब्रेल लिपी. आणि छापखाना. हिब्रू व ग्रीक मुळावरून रमाबाईंनी साध्या माणसाला कळेल अशा मराठीत बायबल उतरवले. त्यात त्यांची अखेरची अनेक वर्षे गेली. १९२२ साली त्या गेल्या, १९२४ साली संपूर्ण बायबल बाहेर आले. भाषांतर बाईचे, आणि खिळे जुळवून ते छापणाऱ्याही बायकाच.

रमाबाईंवरचे सगळेच आक्षेप निराधार नव्हते. शारदासदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, या भरवशावर लोकांनी मुली पाठवल्या होत्या. मुली त्यांच्या प्रार्थनेला बसू लागल्या, तेव्हा १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे मित्रही सल्लागार मंडळातून दूर झाले. विश्वासाचा हा प्रश्न खरा होता. पण त्याच सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे झाल्या आणि हिंदूच राहिल्या, हेही खरे आहे. हिशेबात जमा आणि नावे, दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. आपण एकच बाजू लिहून वही मिटली.

चर्चनेही वही उघडायला फार वेळ लावला. इंग्लंडच्या चर्चमध्ये स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली ती १९९४ साली. दक्षिण भारताच्या चर्चमध्ये स्त्री बिशप झाली २०१३ साली, आणि कँटरबरीच्या आर्चबिशपपदी स्त्रीची निवड झाली २०२५ साली. कॅथलिक चर्चमध्ये ती दारे अजून बंदच आहेत.

ख्रिस्ती मंडळींकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये. आपल्या घरी पूजेची सारी तयारी कोण करते आणि पोथी कोणापुढे ठेवली जाते? दिंडीत तुळस डोक्यावर कोणाच्या आणि फडावर कीर्तनाला उभे कोण राहते? स्त्रीने श्रद्धा ठेवावी, उपास करावेत, याला कोणत्याच धर्माची हरकत नसते. तिने ग्रंथ हाती घेतला आणि अर्थ सांगू लागली, की सगळ्यांचीच चुळबूळ सुरू होते.

न्हावऱ्याकडून चौफुल्याला जाताना केडगाव जवळ आले, की मला तो शाईचा पॅड आठवतो. तो पुढे सरकवणारा हात माझाच होता, आणि माझ्या मनात काही वाईट नव्हते. नुसती सवय होती.