ओढा ओलांडल्यावर

मनालीहून काझाला जाताना छत्रू आणि बातल यांच्या दरम्यान ओढे रस्त्यावरूनच वाहतात. तिथून परतलेल्या आमच्या एका स्नेह्यांची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी महिन्याभरात पुढच्या चाकातून घरघरू लागली. त्यांनी टायर बदलले! दुखणे मात्र हबमध्ये होते.

जिप्सीसारख्या गाड्यांत पुढच्या हबवर फिरवायची कळ असते. ती ‘लॉक’वर नसेल तर इंजिनाची ताकद त्या चाकाला मिळत नाही. सील झिजले असेल तर ओढ्याचे पाणी आत शिरते, ग्रीस दुधाळ होते आणि बेअरिंग गंजते. तशीच दामटली तर घाटात चाक जाम होण्याची भीती.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नये, स्टँडवर टेकवावी. काढलेला ब्रेकचा कॅलिपर तारेने बांधावा, नळीला लोंबकळू देऊ नये. बेअरिंग रॉकेलने धुऊन सुकवावे. खड्डे किंवा निळसर डाग दिसले तर बाहेरच्या कडीसकट नवे घालावे. सील तर नवेच हवे. ग्रीस बेअरिंगमध्ये दाबून भरावे, कळीच्या यंत्रणेला मात्र नुसता हात फिरवावा. तिथे गोळे भरले की कळ अडकते.

खरी कसोटी नटाची. ‘साहेब, मस्त टाइट केलाय’ असे ऐकले की मला धास्तीच वाटते. चाक फिरवत नट आवळावा, मग गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे सैल करून पक्का करावा. वर-खाली धरून हलवले तर चाक खटखटू नये, तरी हाताने सहज फिरावे.

आणि निघताना दोन्ही कळा एकाच खुणेवर आहेत ना, तेवढे पाहा.