शर्यत केव्हा रद्द करावी?

राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात २१ सप्टेंबर २०१९ रोजी जी मोटार-शर्यत मध्येच रद्द करावी लागली, तिचे स्मरण नांदेड-लातूरकडील वाचकांस करून देण्यास कारण आहे. खडी-मुरमाच्या कच्च्या वाटांवर धावणाऱ्या या शर्यतीस रॅली म्हणतात. तिला स्वतःचे मैदान नसते. खेड्यांचे नित्याचे रस्ते काही तास अडवून त्यांचेच मैदान करण्यात येते. कंधार, लोहा, अहमदपूर, उदगीर या टापूत आणि किनवट-माहूरच्या डोंगराळ भागात असे रस्ते हवे तेवढे आहेत. उद्या कोणाची नजर त्यांवर गेली, तर शर्यतीचे स्वागत कोणत्या अटींवर करावे आणि तिला नकार कोणत्या क्षणी द्यावा, याचा विचार आजच शांतपणे झालेला बरा.

बाडमेरची शर्यत ही राष्ट्रीय अजिंक्यपद मालिकेतील एक फेरी होती. त्याच वर्षी अर्जुन पुरस्काराचा मान मिळविणारे गौरव गिल यांची मोटार वेगात येत असता एक मोटारसायकल तिच्या मार्गात आली आणि पती, पत्नी व मुलगा अशी एकाच कुटुंबातील तिघे प्राणास मुकली. रस्ता बंद केलेला होता, तरी मोटारसायकल आत शिरली, असे आयोजकांच्या बाजूने सांगण्यात आले. ते खरे मानले, तरी प्रश्न मिटत नाही. ज्या वाटेने माणूस जन्मभर शेताला, बाजाराला आणि दवाखान्याला गेला, ती वाट आज आपली नाही, हे त्याला कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगितले होते? आडवी दोरी बांधली म्हणजे सांगितले, असे होत नाही. रॅलीतील चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, भोवती पोलादी पिंजरा असतो, वळणावळणाची टिपणे वाचून दाखविणारा साथीदार शेजारी बसलेला असतो. वळणापलीकडून येणाऱ्या कुटुंबाजवळ यांतले काहीच नसते. बाडमेरची शर्यत रद्द झाली खरी. पण ती तीन जीव गेल्यावर.

युरोपने हा धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. फ्रान्समधील ल मान येथे ११ जून १९५५ रोजी अपघातग्रस्त मोटारीचे भाग प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे मेली, तरी शर्यत थांबविण्यात आली नाही. गर्दी एकदम बाहेर पडली तर रुग्णवाहिकांची वाट अडेल, असे कारण संयोजकांनी दिले. इटलीत १२ मे १९५७ रोजी, सार्वजनिक रस्त्यांवरून सुमारे एक हजार मैल धावणाऱ्या 'मिले मिलिया' शर्यतीत टायर फुटून एक मोटार प्रेक्षकांवर गेली. दोघा स्पर्धकांसह नऊ प्रेक्षक मरण पावले. त्या नवांत पाच बालके होती. ती शर्यत त्या स्वरूपात पुन्हा झाली नाही. याउलट डाकार रॅली ४ जानेवारी २००८ रोजी, निघण्याच्या आदल्याच दिवशी, रद्द करण्यात आली. मॉरिटानियात चार फ्रेंच प्रवाशांची हत्या झाली होती आणि रॅलीलाही धमक्या आल्या होत्या. शेकडो स्पर्धकांची निराशा झाली, पैसा बुडाला. पण पुढील वर्षी तीच शर्यत दक्षिण अमेरिकेत पार पडली. वेळीच दिलेल्या नकाराने खेळ मरत नाही, एवढे त्यावरून सिद्ध झाले. मात्र तेथे चिंता होती ती मुख्यतः स्पर्धकांच्या जिवाची. वाटेवरच्या माणसासाठी इतकी तत्परता क्वचितच दिसते.

खेळ आणि लोकांची गरज यांची गाठ कशी पडते, हे लातूरने अनुभवले आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली आगगाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. मैदानावर न शिंपडलेले पाणी लातूरच्या नळाला येणार नव्हते, हा टीकाकारांचा आक्षेप खरा होता. तथापि, करमणूक आणि निर्वाह यांत प्रथम कोणाकडे पाहावे, हे त्या आदेशाने स्पष्ट केले. जो न्याय पाण्याला, तोच रस्त्याला का नसावा?

कायदा या बाबतीत थोडकेच बोलतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक जागी मोटारींची शर्यत लावण्यास राज्य सरकारची लेखी संमती लागते. ज्या गावाची वाट, त्या गावाच्या संमतीविषयी हे कलम मौन बाळगते. मुंबईत सही करणाऱ्यास पाणंदीवरील वर्षाचा क्रम कसा ठाऊक असावा? मृगाच्या सुमारास पेरणीची धांदल, पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, दिवाळीच्या आसपास सोयाबीनच्या राशी, त्यामागोमाग उसाचे ट्रॅक्टर आणि उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. वाट मोकळी असा दिवस गावकऱ्यालाच नेमका सांगता येईल.

आम्ही या खेळाचे वैरी नाही. त्यात कौशल्य आहे, धैर्य आहे, आणि आडरानातील तालुक्यांस चार दिवस मिळकतही आहे. परंतु अशी शर्यत येथे व्हायची असेल, तर मार्गावरील प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत तिची तारीख आणि वेळ ठरावी. वस्त्यावस्त्यांवर दवंडी पिटली जावी. आजाऱ्याला व बाळंतिणीला नेण्यासाठी दुसरी वाट खुली असावी. आणि शर्यत कोणत्याही क्षणी थांबविण्याचा अधिकार आयोजकांशी काही देणेघेणे नसलेल्या अधिकाऱ्याच्या हाती असावा. आदल्या संध्याकाळपर्यंत यांतील एक जरी अट अपुरी राहिली, तरी जिल्हाधिकाऱ्यांनी परवानगी मागे घ्यावी. त्याबद्दल त्यांस चार लोक दूषण देतील. ते त्यांनी खुशाल सोसावे. शर्यतीची तारीख पुन्हा नेमता येते.