एटापल्लीहून नागपूर: गाड्यांच्या वेळा जुळवून द्या

प्रति,
मा. मुख्यमंत्री तथा पालकमंत्री, गडचिरोली जिल्हा
मा. परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली
मा. विभाग नियंत्रक, राज्य परिवहन, गडचिरोली विभाग

महोदय,

एटापल्ली ते नागपूर हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला आणि हे अंतर आता आठ तासांत कापता येते, असे सरकार सांगते. त्याच नागपूरला पोचायला कसनसूर, गट्टा, जारावंडीकडच्या माणसाचा एक अख्खा दिवस जातो, परतायला दुसरा. मधल्या दिवशी काम होईलच, याची खात्री कोणी देत नाही.

हे पत्र नवा महामार्ग मागण्यासाठी लिहिलेले नाही. रस्ते होत आहेत, पूल होत आहेत आणि त्याचा आनंदही आहे. आमची मागणी कमी खर्चाची आहे. ज्या गाड्या धावतात त्यांच्या वेळा एकमेकींशी जुळवा आणि जिथे एक-दोन गाड्या कमी पडतात तिथे त्या द्या.

नागपूरला आम्ही हौसेने जात नाही. तालुक्याच्या दवाखान्यातून गडचिरोलीला आणि तिथून नागपूरच्या मेडिकलला चिठ्ठी मिळते. गडचिरोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ साली सुरू झाले, पण हृदयाचा, मेंदूचा, कॅन्सरचा पेशंट अजून नागपूरलाच पाठवला जातो. उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला, मुलांची परीक्षा केंद्रे बहुतेक नागपूरला.

आलापल्लीच्या चौकात कोणत्याही सकाळी उभे राहून बघा. एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, अहेरी आणि आष्टी या सगळ्या वाटा इथेच मिळतात. आमच्या भागाचा सगळा प्रवास या चौकात जुळतो नाहीतर तुटतो. आतल्या गावातली आई पहाटे अंधारात निघते. कडेवर सिकलसेलचे पोर, हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद, केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, आधार कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स. काळीपिवळीत ती तासभर बसून असते, कारण सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. आलापल्लीला उतरते तेव्हा पुढची बस नुकतीच गेलेली असते. पुढची कधी, हे लिहिलेला फळा सापडत नाही. पानठेल्यावर विचारायचे, तो सांगेल ते खरे मानायचे. पोराला झाडाच्या सावलीत निजवून ती बसून राहते. नागपूरला पोचेपर्यंत ओपीडीची चिठ्ठी काढायची वेळ टळलेली असते, म्हणजे रात्र मेडिकलच्या आवारात काढणे आलेच. तपासणी दुसऱ्या दिवशी, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. परतीला गडचिरोलीपर्यंत गाडी मिळते, पण तिथून पुढे अंधार पडलेला असतो. दोनदा असे झाले की तिसऱ्या तारखेला ती जात नाही. दवाखान्याच्या नोंदीत मात्र ‘पेशंट फॉलोअपला आला नाही’ एवढेच राहते.

महोदय, उपचार अर्धवट सुटण्यामागे अंधश्रद्धा किंवा अडाणीपणा असतो, असे शहरात सहज बोलले जाते. चुकलेल्या बसचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडावा, म्हणून हे लिहितो आहे.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. विद्यार्थिनींना मोफत पास आहे. या सवलती चांगल्या आहेत आणि त्या टिकल्या पाहिजेत. पण त्या एसटीच्या दारातून आत चढल्यावरच मिळतात. ज्या गावाला एसटी येत नाही, किंवा भलत्या वेळी येते, तिथली म्हातारी काळीपिवळीला पूर्ण भाडे मोजते. राज्यातल्या ज्या बाईला अर्ध्या तिकिटाची सर्वांत जास्त गरज आहे, तिच्याच हातात ते पडत नाही.

मानव विकास मिशनच्या निळ्या बसगाड्यांनी मुलींची शाळा टिकवली, हे मनापासून कबूल करतो. पण या गाड्या शाळेच्या वेळापत्रकावर चालतात. जिथे तेवढीच एक गाडी येते, तिथे दिवाळीच्या सुट्टीत आणि उन्हाळ्यात गाव पुन्हा एकटे पडते. आजारपण आणि बाळंतपण सुट्टी बघून येत नाही.

भारमानाबद्दल, म्हणजे गाडीत किती सीट भरतात याबद्दल, थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण प्रत्येक अर्जाला हेच उत्तर येते: ‘सदर मार्गावर भारमान कमी आहे.’ गाडी रिकामी धावते, हे कंडक्टरच्या मशीनमध्ये खरेच दिसते. पण ती रिकामी का धावते? बाजाराच्या दिवशी लोक सकाळी तालुक्याला निघतात तेव्हा गाडी नसते. ती येते दुपारी, लोक परतायच्या आधी. आलापल्लीला पुढची गाडी मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे लांबचा प्रवासी त्या गाडीत बसतच नाही, तो आधीच काळीपिवळी धरतो. मग भारमान घटते, फेरी बंद होते आणि बंद फेरीच्या कागदावरून पुढची मागणी फेटाळली जाते. प्रवासी कमी आहेत म्हणून गाडी नाही, असे कागद म्हणतो. गाडीचा भरवसा नाही म्हणून प्रवासी नाहीत, असे आमचे म्हणणे आहे. एक हंगामभर वेळ जुळवून गाडी चालवा आणि मग भारमान मोजा.

हे होऊ शकते याचा पुरावा आपणच दिला आहे. १ जानेवारी २०२५ रोजी मुख्यमंत्री स्वतः आमच्या तालुक्यात आले, गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्याचे लोकार्पण झाले आणि अहेरी ते गर्देवाडा बस सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा त्या भागाने एसटी पाहिली. त्या दिवशीचा लोकांचा आनंद खरा होता. पण गर्देवाड्याचा माणूस अहेरीला उतरल्यावर पुढे काय करतो, हा प्रश्न त्या दिवसानंतर कोणी विचारला नाही.

गाडी न देण्याचे दुसरे कारण सुरक्षेचे सांगितले जायचे. रात्री या भागात गाडी मुक्कामी ठेवता येत नाही, पहाटे सोडता येत नाही, असे म्हणायचे. एके काळी त्यात तथ्य होते. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुरजागडच्या पहाडावर माओवाद्यांनी वाहनांची कशी होळी केली, ते आम्ही विसरलेलो नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने आपल्या साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. जिल्हा बदलला, असे आपण जाहीरपणे सांगता. मग मुक्कामी बसही आली पाहिजे. चालक-वाहकांना झोपायला नीट खोली, पाणी, संडास आणि पंखा द्या. ते आमच्यासाठी येतात, त्यांनी डास मारत रात्र काढावी असे आम्हाला वाटत नाही.

सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक याच एटापल्ली-आलापल्ली रस्त्याने आणि पुढे आष्टीकडे जातात. या रस्त्याची काय दशा झाली आणि त्यावर किती आंदोलने झाली, हे आपल्या कार्यालयांना माहीत आहे. जुलै २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी ही सुमारे ८५ किलोमीटरची खनिज वाहून नेणारी पाइपलाइनही सुरू झाली. लोखंड तालुक्याबाहेर नेण्यासाठी एवढा विचार झाला, पैसा उभा राहिला, मुदती पाळल्या गेल्या. माणसांसाठी त्याचा छोटासा वाटा हवा आहे. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले, ते खाणीने बाधित झालेल्या भागासाठीच. त्या निधीतून लहान बसगाड्या घेऊन एसटीला द्याव्यात आणि आतल्या फेऱ्यांची तूट काही वर्षे भरून काढावी. जिल्हाधिकारी महोदय, हा ठराव आपल्या टेबलावरून निघू शकतो.

रेल्वेबद्दल थोडक्यात. जिल्ह्यात वडसा हे एकच स्टेशन. वडसा-गडचिरोली मार्ग पूर्ण झाला तरी गडचिरोली आमच्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर राहील. आम्हाला उपयोगी पडेल ते बल्लारशाह. दिल्ली-चेन्नई मार्गावरचे मोठे जंक्शन, सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारतही तिथे थांबते. नागपूर आणि हैदराबाद, दोन्ही शहरे त्या एका फलाटावरून गाठता येतात. एटापल्लीहून आष्टी, गोंडपिपरीमार्गे थेट स्टेशनच्या दारात जाणारी आणि रेल्वेच्या वेळा बघून आखलेली बस सकाळी एक आणि संध्याकाळी परतीची एक, एवढी सोय झाली तरी आमच्या मुलांच्या परीक्षेचा आणि मजुरीला जाणाऱ्यांचा मोठा प्रश्न सुटेल.

तेव्हा आमचे मागणे असे. कसनसूर, जारावंडी आणि गट्टा इथे मुक्कामी गाडी ठेवा. ती पहाटे निघून एटापल्लीला यावी आणि तिथून नागपूरची थेट गाडी तिच्यासाठी थांबावी. आतली गाडी अर्धा तास उशिरा आली तरी पुढची सुटणार नाही, असा लेखी आदेश आगाराला द्या. नागपूरहून परतणाऱ्या शेवटच्या गाडीला गडचिरोलीत आमच्याकडची गाडी मिळावी. एटापल्ली आणि आलापल्लीला मराठीत आणि माडियात वेळापत्रकाचा फलक लावा, फेरी रद्द झाली तर ती त्यावर खडूने लिहिली जावी. पावसाळ्यात नाले चढले की गाडी कुठपर्यंत येणार, तेही त्यावर कळावे.

मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो, तेव्हा लोक जंगलात असतात. त्यानंतर लगेच पाऊस लागतो. म्हणून एप्रिलच्या आत विभाग नियंत्रकांनी एटापल्लीत एक बैठक घ्यावी. तीत सरपंच, आशाताई, शाळांचे मुख्याध्यापक आणि या मार्गांवरचे चालक-वाहक असावेत. वेळापत्रक त्यांच्यासमोर आखावे. गावागावांतून लोक किती वाजता निघू शकतात, याची यादी आम्ही तयार करून आणू. आपण फक्त तारीख कळवा.

आपला,
एटापल्लीचा एक रहिवासी