उन्हाच्या मागे मागे

गेल्या पौषातली गोष्ट. दुपारी अडीचच्या सुमारास कॉलेजातून घरी आलो, तो गॅलरीत आई सावलीत बसलेली आणि आतल्या खोलीत आमचे चिरंजीव संगणकापुढे समाधी लावून बसलेले. आमची गॅलरी दक्षिणेकडची. थंडीत सूर्य पश्चिमेकडे कलू लागला की उन्हाचा पट्टा उलटा पूर्वेच्या टोकाशी सरकतो आणि त्याच्याबरोबर आईची खुर्चीही सरकवावी लागते. मांडीचे हाड मोडल्यापासून तिला ते एकटीला जमत नाही. एरवी हे काम सौ. पाहते, त्या दिवशी ती माहेरी गेली होती, म्हणून चिरंजीवांवर सोपवले होते.

“काय चाललंय?” मी विचारले. पडद्यावर एक काळीनिळी पट्टी सावकाश मान वळवीत होती.

“सोलर पॅनल आपोआप सूर्यामागे फिरावं, अशी सोय करतोय, बाबा.”

मग काय! वाक्य आयतेच माझ्या हाती आले. “तुझ्या त्या पट्ट्यांना ऊन मिळावं म्हणून एवढा खटाटोप, आणि आजी तिकडे सावलीत काकडतेय!” वाक्याचा तोल चांगला साधला होता, हे वाईट वाटूनही कबूल केले पाहिजे. चिरंजीव काही बोलले नाहीत. बोलली ती आई, गॅलरीतून.

“अरे, त्याला का ओरडतोस? तीनदा येऊन खुर्ची हलवून गेला. मीच म्हटलं, आता पुरे, डोळ्यांवर येतंय.”

माफी मागण्याची कला बापांना कोणी शिकवीत नाही. ते खाकरतात आणि भलत्याच विषयावर प्रश्न विचारतात. मीही खुर्ची ओढून विचारले, “पण हे नेमकं आहे तरी काय?” दहावीनंतर आम्हा दोघांचे बोलणे मार्कांच्या पलीकडे फारसे गेले नव्हते. तो आधी साक्षीदारासारखा विचारले तेवढेच सांगू लागला.

खेळाचे नाव ‘स्पेस इंजिनिअर्स’. प्रागमधल्या कीन सॉफ्टवेअर हाउस या मंडळींनी तो 2013 साली अर्ध्याकच्च्या स्वरूपात लोकांपुढे ठेवला आणि 2019 साली पूर्ण केला. त्यात मारामारी आहे, पण आमच्या चिरंजीवांना तिचे वेड नाही. ओसाड ग्रहावर उतरायचे, दगड फोडून धातू काढायचा, घर बांधायचे आणि जगायचे. जगायला प्राणवायू हवा, प्राणवायूला वीज हवी, विजेला ऊन. मोठी पट्टी सूर्यासमोर नीट धरली तर 160 किलोवॅट देते. तिरपी झाली की वीज घटते. आपल्या खऱ्या सूर्याचेही तेच, 60 अंश कलली की पट्टीवर निम्मेच ऊन पडते.

गंमत पुढेच आहे. या खेळात ग्रह जागचे हलत नाहीत. सूर्यच त्यांच्याभोवती फिरतो! कोपर्निकसाने केले-सवरलेले सगळे पाण्यात. मूळ मांडणीत त्याची एक फेरी 120 मिनिटांची, म्हणजे मिनिटाला तीन अंश. ‘सूर्य उगवला, सूर्य मावळला’ म्हणणारी आपली भाषा तिथे शब्दशः खरी ठरते.

“मग पट्टीही मिनिटाला तीन अंश फिरव की,” मी म्हणालो.

“पट्टीचा आस सूर्याच्या वाटेशी तंतोतंत जुळला तर चालेल, बाबा. जरा चुकला की वीज जाते.” म्हणून त्याने दोन चाके लावली होती, एक आडवे फिरणारे, एक वरखाली करणारे, आणि त्यांना हुकूम देणारा एक ठोकळा. पट्टी किती वीज देऊ शकते हे त्या ठोकळ्याने पाहायचे, चाक किंचित फिरवायचे, पुन्हा पाहायचे. वाढली तर त्याच बाजूला, घटली तर उलट. आता खेळातच यासाठी तयार सोय आहे म्हणे, पण याला ते स्वतःच करायचे होते. हुकूम सी-शार्प नावाच्या भाषेत लिहायचे. तिच्यात प्रत्येक विधानानंतर अर्धविराम लागतो. एक विसरला की सारे ठप्प! पंधरा वर्षे मी अर्धविरामासाठी विद्यार्थ्यांशी भांडलो. असे यंत्र माझ्या हाती कोणी दिले नाही.

“अडतंय कुठे?”

“रात्री. सगळीकडे शून्यच. पट्टी चाचपडत भलतीकडे तोंड करून बसते. सकाळी सूर्य पाठीमागे उगवतो, बॅटऱ्या रिकाम्या, आणि माणूस गुदमरून मरतो. काल दोनदा मेला.”

आईचे कान गॅलरीत शाबूत होते. “अरे, वाड्यात आम्ही कुरडया घालायचो तेव्हा बाज उन्हामागे ओढत न्यायचो. संध्याकाळी वाळवण आत घेतलं की बाज तिथंच सोडत नसू. सकाळचं ऊन पहिलं जिथं येतं तिथं नेऊन ठेवायची. रात्री शोधायचं कशाला?”

चिरंजीव माझ्याकडे पाहू लागले, मी त्यांच्याकडे. कोवळी सूर्यफुलेही हेच करतात: दिवसभर पश्चिमेकडे वळत जातात आणि रात्रीत तोंड पुन्हा पूर्वेला आणून ठेवतात. मग गप्पा खऱ्याखुऱ्या अवकाशस्थानकावर गेल्या. ते सुमारे 90 मिनिटांत पृथ्वीभोवती फिरते, त्याच्याही पट्ट्या सूर्यामागे वळतात. 2007 साली तिथल्या एका सांध्यात लोखंडाचा कीस सापडला. 2008 च्या नोव्हेंबरात अंतराळवीरांनी बाहेर येऊन तो पुसला, वंगण घातले. त्यात एकीच्या पिशवीत वंगण गळले आणि ते पुसता पुसता हत्यारांची पिशवीच हातून निसटून अवकाशात गेली. आईला हे फार आवडले. “शिवणयंत्राचं तेलही असंच गळतं,” ती म्हणाली.

रात्री जेवताना तिने विचारले, “राजा, तुझा तो माणूस जगला का रे?”

“जगला, आजी. अंधार पडला की पट्टी आता पूर्वेला तोंड करून थांबते.”

दुसऱ्या दिवशी माझा सातचा तास होता. बाहेर अजून उजाडले नव्हते, घरात सगळे झोपलेले. चपला घालताना गॅलरीत डोकावलो, तर आईची खुर्ची पश्चिमेच्या टोकाला, सकाळचे ऊन पहिले येते तिथे, आधीच नेऊन ठेवलेली होती.