वकीलसाहेबांची ओळख

अमेरिकेत १९७७ साली सुप्रीम कोर्टाने वकिलांना जाहिरातीची मुभा दिली. तिथल्या काही दिवाणी पेढ्या आपल्या वकिलांची ओळख हसतखेळत करून देतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमाने वकिलांना जाहिरातीची मनाई. तेव्हा ती ओळख आम्ही कापडवाल्यांनीच करून द्यावी.

पहिले तारीखसाहेब. त्यांना दाव्यापेक्षा पुढची तारीख जास्त पाठ. दुसरे गर्जनासाहेब. जिन्यात गरजतात, न्यायाधीशांपुढे कुजबुजतात. तिसरे कागदसाहेब. बोलतात कमी, बिल, चलन, माल पोचल्याची सही मागतात. आम्हाला राग यांचाच येतो आणि वसुलीही यांच्याच हातून होते.

पण दोष एकट्या वकिलांचा नाही. उधार मालाच्या पैशाचा दावा साधारण ३ वर्षांत लावावा लागतो. मुदतीच्या आत देणेकऱ्याने बाकी लेखी कबूल केली, तर मुदत नव्याने सुरू होते. चेक परत आला, तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. आम्ही मात्र भिडेखातर गप्प बसतो आणि मुदत टळल्यावर वकिलाकडे धावतो. कापडाला भोक पडले तर रफूगर कामाचा. चिंध्या झाल्यावर तो तरी काय करणार?