पीएचपी बसवा, पण घड्याळ लावून!

आपला रेझ्युमे नक्की कोण उघडून बघतंय, हे कळलं तर काय धमाल येईल ना? रासमुस लेर्डोर्फ नावाच्या प्रोग्रामरला १९९४मध्ये हीच उत्सुकता होती. ग्रीनलँडमध्ये जन्मलेला आणि कॅनडात शिकलेला हा गडी. त्याने वेबवरच्या आपल्या रेझ्युमेला कोण भेट देतं ते मोजायला काही छोटे प्रोग्रॅम लिहिले. नाव दिलं ‘पर्सनल होम पेज टूल्स’. ८ जून १९९५ला ते सगळ्यांसाठी फुकट खुले केले. पुढे अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की या इस्रायलमधल्या दोन विद्यार्थ्यांनी त्याचं इंजिन नव्याने लिहिलं आणि १९९८मध्ये पीएचपी ३ आलं. नोकरी शोधणाऱ्याच्या उत्सुकतेतून आलेली ही भाषा आज वर्डप्रेस चालवते. विकिपीडियाही तिच्यावरच चालतो. १ मे २००३ला सुरू झालेला आपला मराठी विकिपीडियाही त्यातच आला.

तर मंडळी, यावेळचा फंडा आहे पीएचपी आपल्या मशीनवर कसं बसवायचं आणि बसवल्यावर काय जुळवायचं, हा. बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. खरी गंमत जुळवण्यात आहे, आणि तिथेच बहुतेकांची गाडी नायगावच्या खाडीवर उभी राहते.

हे असतं तरी काय?

साधं एचटीएमएल पान म्हणजे छापील मेन्यूकार्ड. सगळ्यांना सारखंच. पीएचपी म्हणजे आतला आचारी. ब्राउझरने ऑर्डर दिली की सर्व्हरवर पीएचपी ती वाचतं, डेटाबेसमधून सामान काढतं, पान ताजं बनवतं आणि बाहेर पाठवतं. गिऱ्हाइकाला फक्त ताट दिसतं, किचन दिसत नाही. म्हणूनच पीएचपीची फाइल डबल-क्लिक करून उघडली तर काही घडत नाही, नुसता कोड दिसतो. तिला सर्व्हर लागतो. मग आपल्या लॅपटॉपलाच सर्व्हर बनवायचं, बस्स.

विरार फास्ट की विरार स्लो?

फास्ट गाडीचं नाव झॅम्प. अपाची हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, पीएचपी आणि पर्ल असं सगळं एकाच पुड्यात. इन्स्टॉल करताना ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये टाकू नका. तिथे विंडोज परवानग्यांवरून अडून बसतं. सरळ सी ड्राइव्हवर टाका. कंट्रोल पॅनलमधून अपाची सुरू करा, आपल्या फाइल्स ‘एचटीडॉक्स’ फोल्डरमध्ये ठेवा आणि ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ टाइप करा. झालं!

अपाची सुरूच होत नाहीये? तर ८० नंबरच्या पोर्टवर आधीच कुणीतरी रुमाल टाकलाय. बऱ्याचदा तो विंडोजचाच आयआयएस नावाचा वेब सर्व्हर असतो. त्याला उठवा, किंवा आपण अपाचीच्या सेटिंगमध्ये ८०८० करून दुसरी सीट पकडा. लोकलच्या डब्यात सीटवरून जे भांडण होतं तेच हे, फक्त इथे ते दोन मिनिटांत मिटतं.

स्लो गाडी म्हणजे पीएचपीची झिप फाइल उतरवून हाताने बसवणं. वेळ जातो, पण स्टेशनं कळतात. विंडोजसाठी दोन प्रकार दिसतील, ‘थ्रेड सेफ’ आणि ‘नॉन थ्रेड सेफ’. अपाचीच्या आत मॉड्यूल म्हणून चालवायचं असेल तर पहिला, आयआयएसबरोबर फास्टसीजीआयने चालवायचं असेल तर दुसरा. झिप उघडल्यावर ‘पीएचपी डॉट आयएनआय’ ही फाइल सापडणार नाही. तिथे तिची दोन रूपं असतात, एक ‘डेव्हलपमेंट’ आणि एक ‘प्रॉडक्शन’. घरच्या मशीनवर पहिलीची कॉपी करून तिला ते नाव द्या. ‘व्हीसीरनटाइम’ सापडत नाही अशी बोंब झाली, तर मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी प्लस प्लसचं रनटाइम पॅकेज टाकायचं राहिलंय, एवढंच.

आणि अगदी घाई असेल तर २०१२च्या पीएचपी ५.४पासून पीएचपीच्या पोटातच एक छोटा सर्व्हर आहे. एका ओळीच्या कमांडने सुरू होतो. शिकायला आणि करून बघायला एकदम सही.

पहाटे तीनची ऑर्डर

आता आयएनआय फाइल. ही पीएचपीची घटना म्हणा. कुठल्या ओळीने काय बिघडतं ते एका खऱ्या कामावर बघू.

माझ्या मावसभावाची वसईच्या पश्चिम पट्ट्यात वाडी आहे. सोनचाफा, मोगरा, थोडी तगर. आमच्याकडची फुलं पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जातात, हे तुम्हाला सांगायला नको. टोपल्या घेऊन निघालेल्या बायका विरार लोकलमधल्या प्रत्येकाने पाहिल्यात. व्यापाऱ्यांच्या ऑर्डर मध्यरात्रीनंतर येतात. भाऊ त्या वहीत लिहायचा. मग ओळखीतल्या एका पोराने त्याला पीएचपीमध्ये ऑर्डरचं पान करून दिलं. दिसायला झकास. पण महिन्याअखेरी हिशेब जुळेना. शनिवारचा माल शुक्रवारच्या खात्यात, शुक्रवारचा गुरुवारच्या. फुलाचा भाव तर रोज बदलतो. सणाच्या आदल्या दिवशीचा आणि सणाच्या दुसऱ्या दिवशीचा भाव यांत केवढा फरक असतो, ते दसऱ्याला झेंडू घेणाऱ्या कुणालाही विचारा. व्यापारी म्हणे तुझी वही खोटी, भाऊ म्हणे कॉम्प्युटर खोटा.

कॉम्प्युटर खोटा नव्हता, परदेशी होता. पीएचपीला काही सांगितलं नाही तर ते यूटीसी म्हणजे ग्रिनिचची वेळ धरतं. आपण साडेपाच तास पुढे. पहाटे तीनची ऑर्डर तिथे आदल्या रात्री साडेनऊची होते. झॅम्पमध्ये तर बऱ्याचदा ‘युरोप/बर्लिन’ लिहिलेलं सापडतं, कारण तो पुडा मुळात जर्मन मंडळींनी बांधलेला. त्या घड्याळानेही पहाटे तीन म्हणजे आदली रात्रच. दुपारी काम करणाऱ्याला ही चूक कधीच दिसत नाही. पहाटे काम करणाऱ्याचे मात्र पैसे जातात.

उपाय एका ओळीचा. ‘डेट डॉट टाइमझोन’समोर ‘एशिया/कोलकाता’ लिहा. यादीत मुंबई शोधू नका, नाहीये. वसई-विरार तर सोडूनच द्या! ओळीच्या सुरुवातीला अर्धविराम असेल तर तो काढा. अर्धविराम म्हणजे ‘ही ओळ वाचू नकोस’. आणि मग अपाची रीस्टार्ट करा. हे विसरलं की माणूस फाइल दहा वेळा बदलतो आणि नशिबाला दोष देतो. तरीही फरक पडत नसेल तर ‘पीएचपीइन्फो’ हे फंक्शन चालवून बघा. पीएचपी नेमकी कुठली आयएनआय फाइल वाचतंय ते त्यात लिहिलेलं असतं. अनेकदा आपण बदलतो एक आणि ते वाचतं दुसरीच.

नालासोपाऱ्याची लांबी किती?

‘नालासोपारा’ या शब्दात अक्षरं किती? पाच, तुम्ही म्हणाल. पीएचपीचं नेहमीचं ‘स्ट्रलेन’ म्हणतं तीस! कारण ते अक्षरं मोजत नाही, बाइट मोजतं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना-मात्रा ही वेगळी चिन्हं. दहा चिन्हं, तीस बाइट. ‘एमबीस्ट्रिंग’ एक्स्टेन्शन चालू करून त्याचं फंक्शन वापरलं तर उत्तर दहा. ‘इंटल’ एक्स्टेन्शन चालू करून ‘ग्राफीम’वालं फंक्शन वापरलं तर आपलं शाळेतलं उत्तर, पाच.

हा खेळ वाटेल, पण कुणी फॉर्ममध्ये गावाचं नाव दहावर कापायचं ठरवलं, आणि ते बाइटने कापलं, तर हाती येतं ‘नाल’ आणि पुढे चौकटीतलं प्रश्नचिन्ह. डिलिव्हरीवाल्याने जायचं कुठे? आयएनआय फाइलमध्ये ही दोन्ही एक्स्टेन्शन्स अर्धविराम काढून चालू करा आणि डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’मध्ये ठेवा. मराठी तर टिकेलच, पण व्यापाऱ्याने नावापुढे टाकलेलं फुलाचं इमोजीही टिकेल.

डि’सोजांच्या नावातला टिंब

वसईत राहून हा मुद्दा सोडता येणार नाही. डि’सोजा हे नाव इंग्रजीत बरेच जण वर लटकणारा स्वल्पविराम, म्हणजे अपॉस्ट्रॉफी देऊन लिहितात. डेटाबेसच्या भाषेत तेच चिन्ह ‘मजकूर संपला’ असं सांगतं. फॉर्ममधलं नाव जसंच्या तसं क्वेरीत चिकटवलं तर डि’सोजा आडनावाच्या माणसाची ऑर्डर नोंदलीच जात नाही. बिचारा तीनदा नाव टाकतो आणि शेवटी फोन करतो. त्याच फटीतून एखादा आगाऊ माणूस क्वेरीच बदलू शकतो आणि अख्खी वही पुसून टाकू शकतो.

जुन्या काळी पीएचपी ‘मॅजिक कोट्स’ नावाची जादू करून अशा चिन्हापुढे आपणहून तिरकी रेघ टाकायचं. ती जादू पीएचपी ५.४मध्येच बंद झाली. आता ‘पीडीओ’ चालू करा आणि ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ वापरा. त्यात क्वेरी वेगळी जाते, नाव वेगळं जातं, दोघांची गल्लत होतच नाही. स्टेशनबाहेरच्या क्लासच्या झेरॉक्स नोट्समध्ये ‘मायएसक्यूएल-क्वेरी’ नावाचं फंक्शन दिसलं तर त्या नोट्सचा भेळेला कागद करा. डिसेंबर २०१५च्या पीएचपी ७मध्ये ते काढून टाकलंय.

गेटला कुलूप

घरच्या मशीनवर चाललेलं काम खऱ्या सर्व्हरवर नेताना चार गोष्टी बघा.

एक, ‘डिस्प्ले एरर्स’ बंद आणि एरर-लॉग चालू. चुका तुम्ही वाचायच्या, गिऱ्हाइकाने नाही.

दोन, पीएचपीइन्फोचं पान पुसून टाका. ते म्हणजे घराचा नकाशा दारावर चिकटवण्यासारखं आहे.

तीन, झॅम्प फक्त सरावासाठी. त्यात डेटाबेसच्या ‘रूट’ला पासवर्डच नसतो, आणि खऱ्या साइटसाठी ते नाही असं बनवणारे स्वतःच सांगतात.

चार, आवृत्ती ताजी ठेवा. प्रत्येक आवृत्तीला सुरक्षेचे अपडेट ठरावीक वर्षंच मिळतात. पीएचपी ७.४चे नोव्हेंबर २०२२मध्ये थांबले.

भावाच्या पानावर या ओळी बदलून झाल्या, तेव्हा मागच्या नोंदींची वेळही साडेपाच तास पुढे सरकवली. दोघं व्यापाऱ्याकडे नव्या यादीचं प्रिंटआउट घेऊन बसले आणि भांडण भावापुरतं उरलं, खोटेपणाचं राहिलं नाही. चर्चगेटपर्यंतचे साठ किलोमीटर रोज उभ्याने जाणाऱ्या आपल्या लोकांना घरबसल्या असं काम करून देता येईल अशी कितीतरी गिऱ्हाइकं इथेच आहेत. वाडीवाले, सुकेळी विकणारे, केटरर, छोटे कारखाने. त्यांना चकाचक डिझाइन नको असतं. तारीख बरोबर हवी, गावाचं नाव अख्खं हवं आणि डि’सोजांची ऑर्डर लागायला हवी.

तेव्हा या रविवारी अर्धा तास काढा. पीएचपी बसवा, आयएनआय फाइल उघडा आणि आधी घड्याळ लावा!